अहवालात ‘एस’, रुग्णात निकामी: एंटेरोबॅक्टरच्या एका जनुकाचं प्रकरण

१९९१ साली ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या अमेरिकी नियतकालिकात जोसेफ चाऊ, व्हिक्टर यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२९ प्रौढ रुग्णांचा अभ्यास मांडला. सगळ्यांच्या रक्तात एंटेरोबॅक्टर हा जिवाणू सापडलेला होता. कोणाला कोणतं औषध द्यायचं हे त्या-त्या डॉक्टरांनी ठरवलं. अभ्यासकांनी फक्त पाठपुरावा केला. उपचार चालू असताना तोच जिवाणू त्याच औषधाला दाद देईनासा होतो का, हे त्यांना पाहायचं होतं. तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन (पेनिसिलिनच्याच कुळातली प्रतिजैविकं) मिळालेल्या ३१ जणांपैकी ६ जणांत तसं झालं. अमिनोग्लायकोसाइड या वेगळ्याच गटातली औषधं मिळालेल्या ८९ जणांत एकदा. इतर बीटा-लॅक्टम (पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन ज्यात मोडतात ते कुळ) औषधं मिळालेल्या ५० जणांत एकदाही नाही. (एका रुग्णाला दोन प्रकारची औषधं मिळू शकतात, म्हणून बेरीज १२९च्या पुढे जाते.)

आधीच्या औषधांचा हिशोबही त्यांनी मांडला होता. एंटेरोबॅक्टर रक्तात सापडण्यापूर्वीच ज्यांना तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन मिळाली होती, अशा ३२ जणांपैकी २२ जणांच्या पहिल्याच ब्लड कल्चरमध्ये (रक्तातले जिवाणू वाढवून पाहण्याच्या चाचणीत) अनेक औषधांना न जुमानणारा एंटेरोबॅक्टर निघाला. दुसरी प्रतिजैविकं मिळालेल्या ७१ जणांत हा आकडा १४ होता. आणि हा फरक कागदावर राहिला नाही. बहुप्रतिरोधक जिवाणू निघालेल्या ३७ जणांपैकी १२ दगावले, बाकीच्या ९२ जणांपैकी १४.

अभ्यासाचा निष्कर्ष त्या काळी अनेकांना विचित्र वाटला असेल: रक्तात एंटेरोबॅक्टर सापडला तर प्रयोगशाळा ‘संवेदनशील’ म्हणत असली, म्हणजे अहवालात ‘एस’ लिहीत असली तरी तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन टाळलेली बरी. म्हणजे ज्या चाचणीवर उपचार ठरवायचे, तिचा निकाल वाचायचा आणि बाजूला ठेवायचा.

प्रयोगशाळेने चूक केली नव्हती. प्लेटवर औषध भिजवलेल्या डिस्कभोवती जिवाणू वाढला नव्हता, हे खरंच होतं. मग सहा जणांत काय घडलं?

याचं एक उत्तर पाठ्यपुस्तकांत आणि व्याख्यानांत सर्रास दिलं जातं: एंटेरोबॅक्टरकडे अ‍ॅम्पसी नावाचं जनुक असतं, ते एरवी निपचित असतं, औषध आलं की चेततं, औषध फोडणारं एन्झाइम तयार होतं आणि उपचार फसतो. यातलं प्रत्येक वाक्य सुटंसुटं खरं आहे. पण ते एकापुढे एक ठेवून निघणारी गोष्ट या ६ रुग्णांना लागू पडत नाही. औषधाने जनुक चेतवणं ही एक घटना आणि औषधाने जिवाणूंमधून निवड करणं ही दुसरी. या प्रकरणात दोन्ही आहेत, आणि गफलत होते ती दोन्ही एकच मानल्यामुळे.

आधी पहिली घटना.

एंटेरोबॅक्टरला पेशीभित्तिका असते आणि ती कधीच पूर्ण झालेली नसते. जिवाणू वाढतो तसा जुना भाग तोडतो, नवा जोडतो. एका पिढीत जवळजवळ निम्मी भित्तिका तोडली जाते, पण तो माल फुकट घालवला जात नाही. जुन्या घराच्या पाडापाडीतल्या विटा साफ करून नव्या भिंतीत लावाव्यात तसं हे चालतं. भित्तिकेचे तुकडे अ‍ॅम्पजी नावाच्या प्रथिनातून पेशीच्या आत येतात. तिथे अ‍ॅम्पडी नावाचं एन्झाइम त्यांतला पेप्टाइडचा भाग सोडवून घेतं आणि तो पुन्हा नव्या भित्तिकेच्या कामी लागतो.

अ‍ॅम्पसी जनुकाच्या शेजारीच अ‍ॅम्पआर हे नियंत्रक जनुक असतं. त्याचं प्रथिन डीएनएवर बसलेलं असतं आणि पेशीत कोणता माल किती आहे यावर त्याचं वागणं ठरतं. भित्तिका बांधायचा तयार, ताजा घटक भरपूर असेल तर तो अ‍ॅम्पआरला चिकटतो आणि अ‍ॅम्पसी जवळजवळ बंद राहतं. तुटलेल्या भित्तिकेचा राडारोडा साचला तर तेच अ‍ॅम्पआर उलटं वागतं आणि अ‍ॅम्पसी जोरात सुरू होतं. एरवी अ‍ॅम्पडी राडारोडा साचू देत नाही. पण बीटा-लॅक्टम औषध भित्तिकेच्या बांधकामात खोडा घालतं, तोडफोड वाढते, तुकड्यांचा लोंढा येतो आणि अ‍ॅम्पडीला तो आवरत नाही.

थोडक्यात, जिवाणू औषध ओळखतच नाही. औषधाने केलेली मोडतोड त्याच्या लक्षात येते. मला या सगळ्या यंत्रणेतली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. जगात आजवर न बनलेलं एखादं बीटा-लॅक्टम उद्या कोणी तयार केलं, तरी भित्तिका मोडली की त्याची वर्दी अ‍ॅम्पआरपर्यंत पोहोचणारच.

हे कोडं उलगडायला बराच काळ गेला. स्वीडनमध्ये उमेओ इथे स्टाफान नॉर्मार्क यांच्या गटाने १९८७ मध्ये दाखवलं, की अ‍ॅम्पडी जनुक निकामी केलं तर औषध नसतानाही बीटा-लॅक्टमेज, म्हणजे बीटा-लॅक्टम औषधं फोडणारं एन्झाइम, भरमसाट बनत राहतं. पण भित्तिकेच्या पुनर्वापराशी त्याचा काय संबंध, हे तेव्हा कळलेलं नव्हतं. तो धागा १९९४ मध्ये जुळला, तोही अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातले जेम्स पार्क सोबत आल्यावर. या पार्क यांनी १९४९ मध्ये पेनिसिलिन दिलेल्या स्टॅफिलोकॉकस या जिवाणूमध्ये एक अनोळखी संयुग साचताना पाहिलं होतं. पुढे ते भित्तिकेचा कच्चा माल असल्याचं ठरलं आणि त्याला ‘पार्क न्यूक्लिओटाइड’ हे नाव पडलं. अ‍ॅम्पआरला शांत ठेवणारा ‘ताजा घटक’ म्हणजे हेच संयुग. जवळजवळ अर्धशतकानंतर ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून पुढे आलं.

चेतवणं ही घटना तात्पुरती असते, हे इथे महत्त्वाचं. औषध काढून घ्या, मोडतोड थांबते, अ‍ॅम्पडी साचलेला माल निपटून काढतं आणि काही पिढ्यांत अ‍ॅम्पसी पूर्वीच्या पातळीवर येतं. जनुकात काहीही बदललेलं नसतं.

आता औषधांकडे वळू. प्रत्येक बीटा-लॅक्टमला इथे दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. ते अ‍ॅम्पसीला किती चेतवतं? आणि अ‍ॅम्पसीच्या एन्झाइमपुढे ते टिकतं का? पहिल्याच्या उत्तरावरून दुसऱ्याचं उत्तर ठरत नाही.

अँपिसिलिन, सेफाझोलिन, सेफॉक्सिटिन ही जोरात चेतवतात आणि एन्झाइमपुढे टिकत नाहीत. आपणच शत्रूला जागं करून त्याच्या हातून मरणारी औषधं, आणि म्हणून एंटेरोबॅक्टरवर ती मुळातच चालत नाहीत. प्रयोगशाळा त्यांच्यापुढे ‘आर’ (प्रतिरोधक) लिहून मोकळी होते. इथे ‘औषध आलं, जनुक चेतलं, औषध फसलं’ ही गोष्ट अगदी शब्दशः खरी आहे, पण ती पहिल्याच दिवशी दिसते. तिच्यात फसगत नाही.

इमिपेनेम तर चेतवण्यात सर्वांत तरबेज औषधांपैकी एक. अ‍ॅम्पसी धडाधड बनतं, पण इमिपेनेम त्याला पुरून उरतं आणि जिवाणू मरतो. जनुकाची सक्रियता शिगेला पोहोचलेली आणि उपचार यशस्वी, हे चित्र मी विद्यार्थ्यांना नेहमी आधी दाखवतो. जनुक चालू असणं म्हणजे रुग्णात औषध हरणं नव्हे, हे त्यातून लगेच कळतं.

आणि तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन? सेफोटॅक्सिम अमेरिकेत १९८१ मध्ये आलं, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन १९८४ मध्ये. त्या वेळी प्लाझ्मिडवरून (एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या छोट्या वर्तुळावरून) पसरलेल्या नेहमीच्या बीटा-लॅक्टमेजपुढे ती टिकत होती, त्यामुळे त्यांचं जोरदार स्वागत झालं. अ‍ॅम्पसीला ती चेतवतात, पण फारच कमी. मात्र अ‍ॅम्पसी भरपूर असेल तर ती त्याच्यापुढे टिकत नाहीत. म्हणून नेहमीच्या एंटेरोबॅक्टरवर ती छान काम करतात: जनुक निपचित, एन्झाइम नगण्य, जिवाणू मेला. अहवालावरचा ‘एस’ हा असा, प्रामाणिक ‘एस’ आहे. ओमाहा इथल्या क्रायटन विद्यापीठात क्रिस्टीन सँडर्स आणि सहकारी १९८०च्या दशकात या गटातल्या एन्झाइमबद्दल सावध करत होते. चाऊ-यू यांच्या अभ्यासाने त्या इशाऱ्यामागे रुग्णांचे आकडे उभे केले.

इथून दुसरी घटना सुरू होते, आणि तिच्या मुळाशी अ‍ॅम्पडी आहे.

एखाद्या प्रथिनाला नवं काम शिकवायचं तर नेमका बदल नेमक्या जागी व्हावा लागतो. प्रथिन बिघडवायला मात्र असंख्य वाटा असतात. अ‍ॅम्पडी १८०-१९० अमिनो आम्लांचं. त्यात कुठे एखादं अक्षर चुकलं, कुठे तुकडा गळला, कुठे भलताच तुकडा घुसला, की काम बंद. त्यामुळे अ‍ॅम्पडी बिघडलेली पेशी लाखो-कोटींमध्ये एखादी सापडतेच. अशा पेशीत राडारोडा कायम साचलेला, अ‍ॅम्पआर कायम उलटं आणि अ‍ॅम्पसी कायम जोरात, नेहमीच्या शेकडो पट. औषध असो वा नसो.

धरा, पोटात एक गळू आहे आणि त्यात एक अब्ज एंटेरोबॅक्टर आहेत. कोटीत एक पेशी बिघडलेली असेल तर उपचारापूर्वीच शंभर बिघडलेल्या पेशी तिथे हजर आहेत. त्या औषधाने घडवलेल्या नाहीत. सॅल्व्हाडोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी १९४३ मध्येच दाखवलं होतं, की असे बदल मारेकऱ्याची गाठ पडण्याआधीच होऊन गेलेले असतात. आता सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन सुरू करा. अब्जातल्या बाकी सगळ्या पेशींचं अ‍ॅम्पसी निपचित आहे, कारण हे औषध त्यांना नीटसं चेतवतच नाही. त्या मरतात. ताप उतरतो, रुग्णाला बरं वाटतं. शंभर पेशी उरतात, त्यांना आता अन्न आणि जागा दोन्ही मोकळं. शंभराचे पुन्हा एक अब्ज व्हायला २३-२४ वेळा दुप्पट व्हावं लागतं. प्रयोगशाळेतल्या पोषक द्रवात हे एका दिवसाच्या आत होतं; शरीरात वेळ जास्त लागतो, पण उपचाराचे दिवस त्याहून कितीतरी अधिक असतात. ताप पुन्हा चढतो आणि या वेळच्या कल्चरमध्ये सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनपुढे ‘आर’ असतो.

म्हणजे औषध फसलं ते जनुक चेतवल्यामुळे नाही. उलट, ते फारसं चेतवत नाही म्हणूनच हा प्रकार घडू शकला. सेफॉक्सिटिन दिलं असतं तर अब्जच्या अब्ज पेशी तात्पुरत्या चेतून वाचल्या असत्या. बिघडलेल्या शंभरांना त्यात काही खास फायदा नव्हता, त्या गर्दीत शंभरच राहिल्या असत्या. इमिपेनेम दिलं असतं तर सगळ्याच मेल्या असत्या, शंभरासकट. जनुक कमी चेतवणारं आणि जनुकाच्या एन्झाइमपुढे न टिकणारं, असा जोड ज्या औषधात असतो तेच औषध बिघडलेल्या वंशाला रान मोकळं करून देतं. या निकषावर पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमही संशयित ठरतं, कारण पिपरॅसिलिनला एन्झाइमपासून वाचवायला जोडलेलं टॅझोबॅक्टम अ‍ॅम्पसीला नीट रोखत नाही. सेफेपिम (१९९६) मात्र वेगळं पडतं: चेतवतं कमी आणि टिकतंही बऱ्यापैकी.

‘प्रतिजैविकाच्या संपर्काने प्रतिरोधक जनुक सक्रिय होतं’ हे विधान ऐकलं की मी म्हणूनच थबकतो. कोणतं प्रतिजैविक? किती पेशींमध्ये? तात्पुरतं की वंशपरंपरेने? कल्चरच्या नळीत औषध टाकून थोड्या वेळाने अ‍ॅम्पसीचा आरएनए (जनुक चालू झालं की बनणारी त्याची प्रत) मोजला, तर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन जवळजवळ निरुपद्रवी आणि इमिपेनेम धोकादायक दिसेल. रुग्णात नेमकं उलटं. जनुकाची सक्रियता मोजणाऱ्यांनी हे मोजमाप पूर्ण समूहाची सरासरी असतं, हे विसरू नये. अब्जात शंभर पेशी काय करताहेत हे त्या सरासरीत दिसतच नाही.

प्रयोगशाळेच्या प्लेटवर मात्र दोन्ही घटना डोळ्यांनी पाहता येतात. म्युलर-हिंटन आगर या जिवाणू वाढवायच्या जेलीवर एंटेरोबॅक्टर पसरवून सेफोटॅक्सिमची डिस्क आणि तिच्याजवळ सेफॉक्सिटिनची डिस्क ठेवा. सेफोटॅक्सिमभोवतीचं स्वच्छ वर्तुळ सेफॉक्सिटिनच्या बाजूने सपाट झालेलं दिसतं: तिकडून झिरपलेल्या सेफॉक्सिटिनने जनुक चेतवलं आणि सेफोटॅक्सिम तिथे फुटलं. ही झाली पहिली घटना. दुसरी पाहायची तर सेफोटॅक्सिमच्या वर्तुळाच्या आत, जिथे काहीच नसायला हवं, तिथे उजेडात धरून बघा. कधी कधी एकदोन बारीक वसाहती उगवलेल्या असतात. घाईच्या वेळी त्या भेसळ समजून सोडून दिल्या जातात. त्यांतली एक उचलून पुन्हा तपासली तर त्या पेशी कायमच्या चालू अ‍ॅम्पसीच्या निघण्याची शक्यता दाट असते. आता बऱ्याच ठिकाणी काम यंत्रावर चालतं. यंत्र आकडा देतं, वर्तुळात डोकावत नाही.

१९९१च्या आकड्यांबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ३१ पैकी ६ म्हणजे १९ टक्के, पण एवढ्या लहान गटात खरा दर साधारण ७ ते ३८ टक्क्यांमध्ये कुठेही असू शकतो. २००८ मध्ये सेऊलहून आलेल्या बऱ्याच मोठ्या अभ्यासात एंटेरोबॅक्टर असलेल्या आणि तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन मिळालेल्या १२१ जणांपैकी १० जणांत, म्हणजे ८ टक्क्यांच्या आसपास, उपचारादरम्यान प्रतिरोध उद्भवला. म्हणून ‘पाचात एक’ हा आकडा मी वर्गात आता वापरत नाही. पण आठ टक्के तरी थोडे म्हणायचे का? रक्तातल्या संसर्गात बारा-तेरा रुग्णांमागे एकाचं औषध मध्येच निकामी होत असेल आणि दुसरं औषध हाताशी असेल, तर ती जोखीम कशाला घ्यायची?

सेऊलच्या अभ्यासाने आणखी एक गैरसमज ढिला केला. वैद्यकीय विद्यार्थी अ‍ॅम्पसीवाले जिवाणू ‘स्पाइस’ अशा आद्याक्षरी शब्दाने पाठ करतात, आणि त्या एका शब्दात सेरॅशिया, स्यूडोमोनास, सिट्रोबॅक्टर, एंटेरोबॅक्टर असे सगळे एका रांगेत बसतात. प्रत्यक्षात सेरॅशिया मार्सेसेन्स आणि मॉर्गनेला यांच्यात उपचारादरम्यान असा प्रतिरोध क्वचितच उद्भवतो. अमेरिकेच्या संसर्गरोगतज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शनात आता एंटेरोबॅक्टर क्लोआकी समूह, सिट्रोबॅक्टर फ्रुंडी आणि क्लेब्सिएला एरोजेनेस (हा पूर्वीचा एंटेरोबॅक्टर एरोजेनेस) हे तिघे जोखमीचे मानले जातात. त्यांच्यासाठी सेफेपिम सुचवलेलं आहे. सिट्रोबॅक्टर कोसेरीचं नाव सिट्रोबॅक्टरच असलं तरी तो या यादीत नाही. इ. कोलाय हा आतड्यातला नेहमीचा जिवाणू यात का येत नाही, असाही प्रश्न नेहमी येतो. त्याच्याकडे अ‍ॅम्पसी आहे, पण शेजारी अ‍ॅम्पआर नाही. चेतवणारंच कोणी नाही. १९४० मध्ये एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी पेनिसिलिन नष्ट करणारं एन्झाइम पहिल्यांदा नोंदवलं ते याच जिवाणूतून, पेनिसिलिन पहिल्या रुग्णाला टोचण्याच्याही आधी.

ही जनुकं गुणसूत्रावर बसून राहिली असती तर प्रकरण इथेच आवरलं असतं. पण १९९०च्या सुमारास ती प्लाझ्मिडवर दिसू लागली. अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्सच्या मिरियम रुग्णालयावरून नाव पडलेलं एमआयआर-१ हे मूळ एंटेरोबॅक्टरचंच अ‍ॅम्पसी; नियंत्रक मागे सोडून आलेलं, त्यामुळे कायम चालू. सौदी अरेबियातल्या दहरानवरून नाव मिळालेलं डीएचए-१ मात्र अ‍ॅम्पआर सोबत घेऊन आलं, आणि ज्या जिवाणूत गेलं तिथेही चेतण्याचा गुण घेऊन गेलं.

आपल्याकडे या प्रकरणाचं वजन किती, यावर माझे सहकारी माझ्याशी वाद घालतात. भारतातल्या रुग्णालयांत ईएसबीएल (तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन फोडणारी एन्झाइमं) आणि एनडीएमसारख्या कार्बापेनेमेजचा (इमिपेनेमच्या गटातली, म्हणजे कार्बापेनेम औषधंही फोडणाऱ्या एन्झाइमांचा) इतका सुळसुळाट आहे, की एंटेरोबॅक्टर बहुतेकदा पहिल्याच अहवालात सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला ‘आर’ असतो. मग अ‍ॅम्पडीची कथा कोणासाठी? मला ती उरलेल्यांसाठी महत्त्वाची वाटते. सगळीकडे ‘आर’ बघून कंटाळलेल्या डॉक्टरला एके दिवशी ‘सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन: एस’ दिसतं, औषध स्वस्त आहे, दिवसातून एकदा देता येतं, वॉर्डात पडलेलं असतं. हात तिकडेच जाणार. आणि इमिपेनेम-मेरोपेनेम उगाच खर्ची घालायला नकोत, ही त्याची भावनाही बरोबरच आहे.

त्याला वेळीच सावध करायला महागडी चाचणी लागत नाही. जिवाणूचं नाव जातीपर्यंत नीट ओळखलं गेलं, तर अहवालाखाली एक ओळ लिहिता येते: या जातीत तिसऱ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिनवर उपचार चालू असताना प्रतिरोध उद्भवू शकतो, रक्तातल्या किंवा खोल संसर्गात टाळावं. काही प्रयोगशाळा अशा वेळी तो ‘एस’ छापतच नाहीत. मला ओळ लिहिणं अधिक बरं वाटतं, कारण साध्या मूत्राशयदाहात सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन चालण्यासारखं असतं. तिथे जिवाणू कमी असतात, औषध लघवीत भरपूर उतरतं. गळू असेल तर ते आधी रिकामं करणं सर्वांत महत्त्वाचं. अब्जाचे दहा लाख झाले, तर कोटीत एक सापडणारी बिघडलेली पेशी तिथे असण्याची शक्यताच दहात एक उरते. सेफेपिम लागू पडत असेल तर ते, नाहीतर कार्बापेनेम, आणि ताप उतरून पुन्हा चढला तर जुन्या अहवालावर विसंबून न राहता नवं कल्चर.